रात्रीच्या जेवणाचा पहिला हप्ता संध्याकाळी पाचला

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यातले एक वडील लिहितात: मुलगी १३ वर्षांची, सोम-बुध-शुक्र साडेसहा ते साडेआठ बॅडमिंटन. मुलगा ९ वर्षांचा, मंगळ-गुरू साडेपाच ते सात फुटबॉल. दोघं शाळेतून साडेचारला घरी येतात. बायकोची शिफ्ट दुपारी २ ते रात्री १०, त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक यांच्याकडे. ऑफिसमधून थेट कोर्टवर, तिथून मुलीला घेऊन घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत नऊ. घरात ७१ वर्षांची आई आहे, पण गुडघ्यांमुळे ओट्याशी दहा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. "मला पोळ्या लाटता येत नाहीत. आठवड्यातून तीनदा बाहेरून मागवतो आणि मग अपराधी वाटतं. वीस मिनिटांत होणारे पौष्टिक पदार्थ सांगा."

पदार्थ सांगते, पण ते खालच्या अर्ध्यात येतील. मी डोंबिवलीत १७ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. खेळणाऱ्या मुलांचे आईबाप माझ्याकडे येतात तेव्हा दहातले आठ जण हेच मागतात: वीस मिनिटांत होणारं काहीतरी. यादी घेऊन जातात, दोन आठवडे उत्साहाने करतात, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फोनवरून पनीर फ्राइड राइस. यादीत खोट नसते. नऊ वाजता, दिवसभराचा थकवा घेऊन, भुकेने चिडलेल्या पोरीसमोर उभं राहून "आज काय करू" असा विचार सुरू करणं कोणालाच जमत नाही. मलाही जमत नाही. तुमच्या मुलीचं जेवण नऊला बिघडत नाही, ते पाचलाच बिघडलेलं असतं. साडेचारला शाळेतून आली, दोन बिस्किटं आणि दूध घेतलं, सहाला निघाली, दोन तास खेळली. शाळेच्या डब्यानंतर तिने पोटभर असं काही खाल्लेलंच नाही. नऊला तिला भूक लागलेली नसते, तिची उपासमार झालेली असते. अशा वेळी मूल एकतर समोर येईल ते कोंबतं, नाहीतर दोन घास खाऊन सोफ्यावर झोपतं. तुमच्याकडे यातलं काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण यातलं एक नक्की होत असणार.

म्हणून माझं पहिलं सांगणं: रात्रीचं जेवण दोन हप्त्यांत द्या. पहिला हप्ता पाच वाजता, दुसरा नऊला. पहिल्यात निम्मं जेवण पोटात गेलं, तर दुसरा लहान, मऊ आणि साधा चालतो. मग वीस मिनिटं पुरतात.

आता हे कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगते, कारण सगळ्यांना एकच माप बसत नाही. आठवड्यातून तीन दिवस दोन तास बॅडमिंटन म्हणजे बऱ्यापैकी कष्ट आहेत, पण त्या दोन तासांत प्रत्यक्ष खेळणं किती आणि रांगेत उभं राहणं किती, हे अकॅडमीनुसार बदलतं. एकदा जाऊन बघा. पोहणाऱ्या मुलांचं गणित वेगळं असतं, तलावातून बाहेर आलेली मुलं लांडग्यासारखी जेवतात. काही मुलांना पोटात काही असताना पळताच येत नाही, काहींना रिकाम्या पोटी चक्कर येते. तुमची मुलगी कुठल्या गटात आहे हे दोन आठवड्यांत कळेल. तोवर पहिल्या हप्त्याचं प्रमाण कमी-जास्त करून पाहा.

पहिल्या हप्त्याला नियम दोनच: खेळाच्या आधी तास-दीड तास, आणि तेलकट नको. दुसरा नियम मी स्वतःच्या घरात शिकले. माझा मुलगा सात-आठ वर्षांचा असताना पोहायला जायचा. एका चतुर्थीला मी त्याला पाच वाजता साबुदाण्याची खिचडी पोटभर वाढली, दाण्याचं कूट सढळ, वर तूप. पोरगा खूश. सहाला पाण्यात उतरला आणि सव्वासहाला तलावाच्या काठावर सगळं बाहेर. तलाव अर्धा तास बंद ठेवावा लागला. बाकीच्या पालकांच्या नजरा मी अजून विसरलेले नाही. आणि मी आहारतज्ज्ञ! तूप, दाणे, नारळ हे सगळं चांगलंच, पण जठरात ते जास्त वेळ रेंगाळतं. खेळायला जाताना पोटात असं हवं जे पटकन पुढे सरकेल.

म्हणजे काय? पोहे, उपमा, दहीपोहे, गूळ लावून गुंडाळलेली पोळी, उकडलेलं रताळं, इडली, केळं. सोबत थोडं प्रथिन: एक उकडलेलं अंडं, वाटीभर दही किंवा पेलाभर दूध. इथे तुमच्या आईंची मोठी मदत होऊ शकते, कारण दहीपोहे बसून होतात. जाड पोहे चाळणीत धुऊन टेबलावर ठेवायचे, दही, मीठ, किंचित साखर, किसलेली काकडी. फोडणी घातली तर उत्तम, नाही घातली तरी बिघडत नाही. मुलगी १३ वर्षांची आहे, पोहे धुण्याचं काम तिचंच. सोमवारी दहीपोहे, बुधवारी सकाळच्या पोळीत अंड्याची भुर्जी गुंडाळून, शुक्रवारी इडली, असं ठरवून टाका आणि महिनाभर बदलू नका. मुलांना तोचतोचपणाचा कंटाळा आपल्याला वाटतो तेवढा येत नाही. आपल्यालाच येतो.

मुलाचं वेगळं आहे. साडेचारला घरी, साडेपाचला मैदानावर, म्हणजे हातात तासभरही नाही. त्याला फक्त एक केळं किंवा अर्धी गूळ-पोळी द्या. सातला सुटला की साडेसातला घरी येऊन तो आजीबरोबर व्यवस्थित जेवू शकतो. त्याच्या बाबतीत अडचण नाहीच. तुम्ही दोघांचा प्रश्न एकत्र बांधून डोक्यावर घेतलाय, म्हणून तो पाच दिवसांचा दिसतो. खरी ओढाताण तीन रात्रींची आहे, आणि त्यातली एक बाहेरच्या जेवणाला देऊन टाकली तर दोनच उरतात.

गाडीतला डबा हा मधला दुवा. साडेआठला कोर्टवरून निघाल्यावर घरी पोचेपर्यंत अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात तिच्या हातात एक केळं आणि मूठभर फुटाणे असले, की घरी आल्यावर ती पंधरा मिनिटं थांबू शकते. एवढंच त्याचं काम. चिप्सचं पाकीट दिलंत तर घरी जेवण होणार नाही. पाण्याचं म्हणाल तर दोन तासांच्या बॅडमिंटनला साधं पाणी पुरतं. एप्रिल-मेमध्ये कपडे पिळून काढावेत इतका घाम येतो, तेव्हा घरी आल्यावर मीठ-जिरं घातलेलं ताक द्या. ती रंगीत पेयं या वयात, एवढ्या खेळाला लागत नाहीत.

प्रथिनांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या सहा महिन्यांत कोणीतरी पालक तुम्हाला कोर्टच्या बाहेर पावडरचा डबा सुचवणार आहे, म्हणून आत्ताच सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिनं लागतात, ७ ते ९ वर्षांच्या मुलाला सुमारे २३. खेळणाऱ्या मुलांना थोडी जास्त धरा. आता मोजा: दोन अंडी १२ ग्रॅम, दोन पेले दूध १३, एक वाटी घट्ट वरण ७, एक वाटी दही ४ ते ५, तीन पोळ्या ८-९. झाले की ४५! यात पनीर, उसळ, शेंगदाणे अजून धरलेच नाहीत. संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्येही स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा असंच म्हटलंय. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये कमतरता दिसते ती बहुधा एकूण खाण्याची. प्रथिन मोजत बसलेल्या घरात पोरगं अर्धपोटी असतं.

लोहाकडे मात्र लक्ष द्या. तेरा वर्षांची, खेळणारी मुलगी, पाळी सुरू झालेली किंवा होण्याच्या बेतात. ती लवकर दमते, धाप लागते, अशी तक्रार असेल तर "झोप पूर्ण कर" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन तपासून घ्या. या वयात ते १२ च्या खाली असणं म्हणजे रक्तक्षय. जेवणात पालेभाजी, उसळ असतेच, त्यावर लिंबू पिळायची सवय लावा, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको. आजीच्या कपातला घोटभरसुद्धा.

आता दुसरा हप्ता, म्हणजे तुमचे वीस मिनिटांचे पदार्थ.

आधी एक हिशेब. चार-पाच माणसांच्या मराठी जेवणात वेळ कशात जातो? पोळ्यांमध्ये. कणीक मळण्यापासून शेवटची पोळी उतरेपर्यंत सराईत हातालाही अर्धा तास लागतो. तुम्हाला लाटता येत नाहीत हा कमीपणा मानू नका. पोळीभाजी केंद्र ही आपल्या शहरांनी काढलेली अत्यंत शहाणी सोय आहे, आमच्या डोंबिवलीत तर दर दुसऱ्या गल्लीत एक. तिथून फक्त पोळ्या किंवा भाकऱ्या आणा, भाजी घरची करा. केंद्रातल्या भाजीत तेल जास्त असतं, पोळी मात्र घरच्यासारखीच. मंगळ-गुरू त्यावर निघतील. सोम-बुधला पोळी लागणारच नाही असा बेत ठेवू.

आणखी एक सावधगिरी, कारण "झटपट" म्हणून सांगितले जाणारे अर्धे पदार्थ झटपट नसतात. थालीपीठ घ्या. पौष्टिकतेत त्याला तोड नाही, भाजणीत धान्यं आणि डाळी दोन्ही असतात. पण एक थालीपीठ नीट खरपूस व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. पाच जणांची दहा थालीपिठं एका तव्यावर केलीत तर साडेदहा वाजतील आणि पहिला जेवणारा झोपलेला असेल. थालीपीठ शनिवारी करा.

माझ्या मते तुमच्या घरासाठी सोमवारचा राजा म्हणजे मुगाची खिचडी. हसू नका. आजाऱ्याची पातळ खिचडी वेगळी आणि ही वेगळी. नेहमीच्या खिचडीत तांदूळ जास्त, डाळ नावाला. ही निम्मी-निम्मी. तुमच्या पाच माणसांसाठी सव्वा वाटी तांदूळ, सव्वा वाटी मूगडाळ. सकाळी ऑफिसला निघण्याआधी हे दोन्ही एका डब्यात कोरडंच एकत्र करून ठेवा. हळद, हिंग, मीठ, गोडा मसाला वेगळ्या छोट्या डबीत. मसाला डाळ-तांदळातच मिसळून ठेवायची युक्ती इंटरनेटवर दिसते, पण मग धुवायचं काय? म्हणून दोन डबे. दुधीचे किंवा लाल भोपळ्याचे बारीक तुकडे, मूठभर मटार आणि चिरलेला पालक हेही सकाळी किंवा आदल्या रात्री डब्यात घालून फ्रीजमध्ये.

तुमच्या आईंना साडेसातला जेवायची सवय असावी असं मी धरते, त्या वयात बहुतेकांना असते. पावणेसातला त्यांनी डाळ-तांदूळ धुवायचे, भाज्या आणि डबीतला मसाला घालायचा, दहा वाट्या पाणी ओतायचं आणि कुकर लावायचा. कुकर पाच लिटरचा हवा आणि अर्ध्याच्या वर भरायचा नाही, नाहीतर शिट्टीतून पिवळं पाणी ओट्यावर येतं. तीन-चार शिट्ट्या, गॅस बंद, त्यांनी बसावं. उभं राहणं एकूण पाच-सात मिनिटं. फोडणी आधी दिलेलीच नाही, त्यामुळे काही करपण्याची भीती नाही. साडेसातला आजी आणि नातू वर साजूक तूप घालून जेवतील.

नऊला तुम्ही आलात. खिचडी एव्हाना घट्ट झालेली असेल. दोन वाट्या पाणी एका शेगडीवर उकळत ठेवा, दुसरीवर फोडणीच्या पळीत तूप, जिरं, ठेचलेल्या चार लसणीच्या पाकळ्या, कढीपत्ता, एक लाल मिरची. लसूण बदामी झाली की फोडणी खिचडीवर ओता, तो चुर्र आवाज आला की झाकण. उकळतं पाणी घालून ढवळा, एक सणसणीत उकळी येऊ द्या. सात मिनिटं झाली. आठव्या मिनिटाला काकडी किसून दह्यात टाका, पापड थेट जाळावर भाजा. मुलगी हातपाय धुऊन येईपर्यंत ताट तयार. या खिचडीतून तिला दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, वर दह्याची चार-पाच. पाच वाजताच्या पहिल्या हप्त्यात दहीपोह्यांतलं दही झालेलं आहेच.

भाज्या खिचडीतच का घातल्या ते सांगते. वर्षानुवर्षं बघतेय, दमलेलं मूल चावायचा कंटाळा करतं. सकाळी गाजराच्या कचाकच फोडी खाणारी मुलगी रात्री साडेनऊला त्याच फोडी ताटाच्या कडेला ढकलते. तो हट्ट नसतो, जबडासुद्धा दमलेला असतो. रात्री भाजी मऊ आणि आत मिसळलेली हवी. सॅलड दुपारच्या डब्यात.

बुधवारी उसळ. शनिवारी सकाळी पाव किलो मटकी भिजवा, रात्री फडक्यात बांधा, रविवारी संध्याकाळी मोड आलेले असतील. थंडीत अर्धा दिवस जास्त लागतो. मग ती मटकी हलकी वाफवून घ्या आणि दोन डबे करा: एक फ्रीजमध्ये बुधवारसाठी, दुसरा फ्रीझरमध्ये पुढच्या आठवड्यासाठी. बुधवारी कांदा परता, टोमॅटो, आलं-लसणाचं वाटण, गोडा मसाला, मटकी, पाणी, शेवटी दोन आमसुलं आणि गुळाचा खडा. बारा मिनिटं. पावाबरोबर द्या किंवा भाताबरोबर. वरून फरसाण घालून "मिसळ" म्हणालात तर मुलगा तीन वाट्या खाईल. मूठभर फरसाणाने काही बिघडत नाही. मी स्वतः घालते.

बाकीचे भराभर सांगते. पिठलं दहा मिनिटांत होतं आणि बेसनात प्रथिनं चांगली असतात, मंगळवारी केंद्रातल्या भाकरीबरोबर. कोकणातले असाल तर कुळथाचं, त्याला तर आठच मिनिटं. अंड्याची करी, अंडी सकाळीच उकडून ठेवलेली असली तर, पंधरा मिनिटं. हिरव्या मुगाची धिरडी: मूग सकाळी भिजवून रात्री आलं-मिरची घालून वाटून ठेवायचे, आंबवायची भानगड नाही, पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं. पण धिरड्यांना दोन तवे एकाच वेळी चालवा, नाहीतर थालीपिठासारखी गत. मासे खात असाल तर बांगडा सगळ्यात सोपा: हळद-मीठ-तिखट-आगळ लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं, वरण-भात असेल तर दुसरं काही नको. चिकन मी आठवड्याच्या मधल्या रात्री सांगत नाही. होतं वेळेत, पण भांडी कोण घासणार?

रविवारच्या तयारीला तासापेक्षा जास्त वेळ देऊ नका. मुलांची आठवड्यातली एकमेव निवांत दुपार तुम्ही डबे भरण्यात घालवलीत, तर तिसऱ्या रविवारी सगळं सोडून द्याल. मटकी वाफवणं, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, दाण्याचं कूट आणि कांदा-टोमॅटोचा परतलेला मसाला, बस. हा मसाला बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला की दोन चौकोन म्हणजे एका भाजीचा आधार. बटाटे उकडून ठेवायचे तर दोन दिवसांत संपवा.

शिळ्या भाताबद्दल बजावून सांगते, कारण फोडणीचा भात हा आपल्याकडचा लाडका झटपट पदार्थ आणि नेमकी तिथेच चूक होते. रात्रीचा उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोडणीला टाकायचा, असं करू नका. शिजलेल्या भातात काही जिवाणूंची बीजं टिकून राहतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ती वाढतात आणि त्यांचं विष फोडणीतसुद्धा मरत नाही. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तर हे फार लवकर होतं. भात पसरट ताटात निववून तासाभरात फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करून संपवायचा. सामन्याच्या आदल्या रात्री पोट बिघडलेलं पोर माझ्याकडे दरवर्षी एखादं तरी येतं, आणि चौकशी केली की बऱ्याचदा भातच निघतो.

बाहेरून मागवण्याचं. तीनचं एकवर आणा आणि तो एक दिवस ठरवून टाका, शुक्रवार म्हणा. ठरवलेल्या दिवसाचा अपराधीपणा वाटत नाही. शुक्रवारी इडली-सांबार, साधा डोसा, तंदुरी रोटी आणि डाळ, पनीर टिक्का यातलं काहीही चालेल. रात्री साडेनऊला बटरमध्ये पोहणारी पावभाजी किंवा चीजचा थर असलेला पिझ्झा नको. कारण तेच, जठर. मुलीला सव्वादहापर्यंत झोपायचंय आणि सकाळी शाळा आहे. तूपकट, तळकट जेवणावर आडवं झालं की झोप तुटक लागते. महिन्यातून एकदा पिझ्झा खायचाच असेल तर शनिवारी दुपारी, सगळे मिळून, मजेत.

वजनाचा विषय तुम्ही काढला नाहीत, बरं केलंत. पण एखाद्या प्रशिक्षकाने कधी "थोडी हलकी झाली तर फूटवर्क सुधारेल" असं तिच्यासमोर म्हटलं, तर घरी त्याची री ओढू नका. या वयात उंची आणि हाडं वाढत असतात. रात्रीचा भात बंद करून वजन उतरवणाऱ्या मुली मी पाहिल्यात. पाळी अनियमित होते, दुखापती वाढतात, आणि मग खेळच सुटतो.

आतापर्यंतचं एकदा जुळवून घेऊ. पाचला निम्मं जेवण, तेलकट नाही. गाडीत केळं-फुटाणे. सोमवारी आईंनी लावलेली खिचडी आणि तुमची फोडणी, बुधवारी रविवारच्या मटकीची उसळ, शुक्रवारी बाहेरचं. मंगळ-गुरू केंद्राच्या पोळ्या-भाकऱ्या आणि घरची भाजी किंवा पिठलं, तेही साडेसातला, सगळे एकत्र. पहिल्या आठवड्यात फक्त सोमवार जमवा. बाकीचे दिवस जसे चाललेत तसे चालू द्या.

आणि तुमच्या प्रश्नात एक माणूस जेवायचं राहिलंय. दहाची शिफ्ट संपवून बायको घरी पोचते ती सव्वादहा-साडेदहाला असेल, आणि तिच्या वाट्याला कुकरच्या तळाशी उरलेलं येत असेल. नऊला फोडणी देण्याआधी तिच्या पुरती खिचडी छोट्या पातेल्यात काढून ठेवा. पळीत तिच्या वाटणीचं तूप, जिरं आणि दोन लसणीच्या पाकळ्या तयार ठेवा. गॅस लावू नका. ती दारातून आत आली, चप्पल काढली, की पातेल्यात उकळतं पाणी घालून एक उकळी आणा आणि मग पळीखाली जाळ लावा.